गाभण की खाली?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते अंगाला लागतात. आमच्या बाबतीत तर अक्षरशः! माझी सगळी नोकरी डावा हात खांद्यापर्यंत गाई-म्हशींच्या आत घालण्यात गेली. साबणानं धुतला, डेटॉलनं धुतला, लिंबू चोळलं, तरी लग्नात शेजारी बसलेली बाई पाच मिनिटांत खुर्ची बदलायची. वास एकवेळ जातो. किस्से जात नाहीत.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्याची टाउनशिप. टाउनशिपची स्वतःची डेअरी, आणि डेअरीला लागून जनावरांचा दवाखाना. मी नागपूरहून व्हेटर्नरीची डिग्री घेऊन, लग्न करून तिथे आले. आमचे हे कारखान्यात इंजिनियर, मी दवाखान्यात डॉक्टर. दवाखान्यात आम्ही चौघंच. मोठे डॉक्टर ठोसर सर. छप्पन साली राजधानी बदलून नागपूरची ऑफिसं भोपाळला हलली तेव्हा त्यांचे वडील फायलींबरोबर इथे आलेले. क्लार्क पेंडसे. अटेंडंट हरप्रसाद, इथलाच, गोठ्यातच वाढलेला. आणि मी, 'डॉक्टरनी मॅडम'.

मुख्य काम एकच. जनावर गाभण आहे की खाली, ते सांगायचं. पुण्या-नागपूरकडे 'रिकामी' म्हणतात, आमच्या भोपाळी मराठीत 'खाली'च. तेव्हा मशीन-बिशीन काही नव्हतं. शेणाच्या वाटेनं हात आत घालायचा आणि आतड्याच्या भिंतीआडून खालचं गर्भाशय चाचपायचं. डोळ्यांना काहीच दिसत नाही. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत उभे, आणि हात एकटाच आत फिरतोय. तिथे हाताला काय काय भेटतं ते सांगितलं की लोक हसतात. हसा, हरकत नाही.

*

पहिला दिवस. ठोसर सरांनी बारा गाई रांगेत उभ्या केल्या आणि माझ्या हातात खडू दिला.

"तपासा आणि गाईच्या पुठ्ठ्यावर खूण करा. गाभण असेल तर फुली, खाली असेल तर गोळा."

कॉलेजात सहा जणांत मिळून एक गाय मिळायची. इथे बारा गाई आणि मी एकटी! पण सहा गाई पटापट झाल्या. सातवी काळी-पांढरी, भली थोरली. हात घातला तर अगदी सोपं काम, आठ महिन्यांचं वासरू. त्याचं खूर सरळ तळहाताखाली आलं. ओल्या रबरासारखं मऊ. पुस्तकात लिहिलंय, खुराच्या बेचक्यात चिमटा काढा, जिवंत असेल तर पाय आखडून घेईल. मी काढला. त्यानं पाय आखडला. मी खूश!

हात मागे घ्यायला लागले तर ते खूर हाताच्या मागोमाग आलं. हात थांबला की तेही थांबायचं. हात हलला की पुन्हा मागे. आणि मग त्यानं माझा तळहात हळूच बाहेर ढकलला. लाथ नव्हे. ढकलला!

मी किंचाळून हात काढला. खडू शेणात पडला. बाकीच्या अकरा गाईंनी माना वळवून माझ्याकडे बघितलं.

सर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "दार न वाजवता कुणाच्या घरात शिरलात तर दुसरं काय होणार, डॉक्टर?"

*

एकेचाळीस नंबरची गाय दोन वर्षं खाली होती. मी तीनदा तपासलेली. शेवटच्या वेळी सरांनी स्वतः हात घालून बघितलं आणि माझ्या शेऱ्याखाली सही केली. गाय डेअरीतून काढून टाकायची ठरली.

ट्रक आला त्या दिवशी ती फाटकात येऊन बसली. काही केल्या उठेना. शेपटी पिरगाळली, पाणी मारलं, ढिम्म. पाय मोडला की काय म्हणून मी बघायला गेले. हरप्रसाद म्हणाला, "मैडम, एक बार हाथ डाल के देख लो." मी चिडले, पण घातला.

सहा महिने! गर्भाशय ताणलेलं, पाणी भरलेलं, वासराचं डोकं नारळाएवढं हाताला लागत होतं.

सरांना बोलावलं. त्यांनी हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, "सहा महिने." शेवटची तपासणी दीड महिन्यापूर्वीची. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. कानातला बिल्ला बदलला असेल म्हणावं, तर मोडक्या शिंगाची, अंगावर पांढरा चट्टा असलेली गाय अख्ख्या डेअरीत ती एकच.

पेंडसे रजिस्टर उघडून, पेनाचं टोपण काढून तयार. "काय लिहू सर? कधीपासून गाभण?"

सर हात धूत होते. म्हणाले, "लिहा, आजपासून!"

*

शाहपुऱ्याच्या बाजूला तेव्हा कॉलनी नव्हती, शेतं होती. तिथे बाबूलाल नावाचा दूधवाला राहायचा. एकटा माणूस, त्याच्या चार म्हशी. त्यातली एक खास लाडकी, भूरी.

भूरी तपासायला मी आणि हरप्रसाद गेलो. हरप्रसादची एक गंमत होती. मी हात घालायच्या आधी तो जनावराचा कान मुठीत धरून क्षणभर उभा राहायचा आणि म्हणायचा, "है" किंवा "नहीं है". चुकल्याचं मला आठवत नाही. मी हात घालायचे ते जणू त्याच्या सांगण्यावर शिक्का मारायला!

भूरीचा कान त्यानं धरला, सोडला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

"क्यों हरप्रसाद?"

"इसका मत पूछो, मैडम."

मी तपासली. पाच महिन्यांची गाभण, सगळं व्यवस्थित. हरप्रसादला म्हटलं, बघ, उगाच घाबरलास! त्यानं बादली उचलली आणि चालायला लागला.

पुढे दिवस भरले. वर दोन महिने गेले. भूरी व्यायलाच तयार नाही. बाबूलाल सायकल मारत दवाखान्यात आला. मी पुन्हा हात घातला. आत पाण्याचा थेंब नव्हता. कोरडं, टणक काहीतरी होतं, बाभळीच्या ओंडक्यासारखं. पिल्लू कधीच मेलं होतं आणि आतल्या आत वाळून गेलं होतं. असं होतं कधीकधी. इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी ते पडलं. चामड्यासारखं तपकिरी, पाय पोटाशी दुमडलेले, डोळ्यांच्या खाचा मिटलेल्या. उन्हात ठेवलं तरी माशी बसेना त्याच्यावर.

बाबूलाल उकिडवा बसून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "मैडम, ये मरा कब?"

मी म्हटलं, "पाँच-छह महीने तो हो गए होंगे."

तो उठून उभा राहिला. भूरीच्या पोटावर हात ठेवला. "पर मैडम, मैं तो रोज़ रात को यहीं सिर टिकाता हूँ." हात न उचलता म्हणाला, "कल तक लात मारता था."

*

सावंत वहिनी आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये. मिस्टर कारखान्यात टर्नर. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मूल नाही. मागच्या अंगणात एक शेळी पाळली होती, मैना. शेळी फळली, म्हणजे गाभण राहिली असं वाटलं, म्हणून वहिनींनी मला बोलावलं.

शेळीत हात घालता येत नाही. पोट दोन्ही बाजूंनी दाबून अंदाज घ्यायचा. मी दाबलं, आत भरलेलं लागलं. ठोकून दिलं, "गाभण आहे वहिनी, बहुतेक जुळी!"

वहिनींनी मिस्टरांच्या जुन्या स्वेटरची दोन छोटी कुंची विणली. मी हसले. त्या म्हणाल्या, "थंडीत होणार ना हो ती!"

पाच महिने झाले. पोट हे एवढं, सडांत दूध उतरलेलं. एके दिवशी सकाळी वहिनींची हाक आली. जाऊन बघते तर अंगणभर पाणी, मैनाचं पोट सपाट, आणि करडू नाही. एकही नाही! वारसुद्धा नाही. शेळ्यांना होतं हे, खोटी गाभण. पिशवीत नुसतं पाणी भरत जातं आणि एक दिवस फुटतं. म्हणजे मी पाण्याला जुळी म्हणाले होते. वहिनींकडे बघायची माझी हिंमत होईना.

त्या मात्र मैनाकडे बघत होत्या. मैना अंगणाच्या कोपऱ्यात गेली, मान खाली घातली आणि चाटायला लागली. नुसती जमीन. चाटायची, बारीक आवाजात हाक मारायची, ऐकायची, पुन्हा चाटायची. मग मागचे पाय फाकवून उभी राहिली, पाजायला राहतात तशी. सडांतून दूध आपोआप गळायला लागलं.

मी म्हटलं, "वहिनी, हिला दुसरीकडे बांधा. दोन दिवसांत विसरेल."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या.

रोज तेच. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. मैना कोपऱ्यात उभी, दूध गळतंय, आणि वहिनी बाजूला पाटावर बसून गहू निवडतायत. कोपऱ्यात एक कुंचीही ठेवलेली दिसली. मी खिडकी लावून घ्यायला लागले.

दीडेक महिन्यानं बघितलं तर मैना आपली खुशाल अंगणभर फिरतेय. कोपऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीये. मला हायसं वाटलं. म्हटलं, "वहिनी, सुटलं बाई एकदाचं! थांबली कशी?"

वहिनी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आता पाला खायला लागलंय ना ते."

*

माझा स्वतःचा किस्सा सांगितला तर आमचे हे अजून रागावतात. पण सांगतेच!

डेअरीत एक लंगडी म्हणून गाय होती. महा खाष्ट. तिला तपासायचं म्हणजे चार माणसं दोर धरायला. एके दिवशी मी तिच्याजवळ गेले तर ती शांत. मान वळवून माझ्या पोटापाशी हुंगायला लागली. तिच्या शेजारची हुंगायला लागली. मग तिच्या पलीकडची दावं ताणून मान लांब करायला लागली.

हरप्रसादनं माझ्या हातातली साबणाची वडी काढून घेतली. "मैडम, आज से आप हाथ मत डालो. ब्याने वाली गाय के पास तो जाना ही मत."

"का?"

"सर से बोल दिया है मैंने."

मी भयंकर चिडले. अटेंडंट मला शिकवणार? सरांकडे गेले, तर सरही खाली मान घालून म्हणाले, "काही दिवस पेंडशांबरोबर रजिस्टर बघा." दोन आठवडे मी तणतणत होते. मग टाउनशिपच्या हॉस्पिटलात गेले, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला माझीच बातमी दिली!

हरप्रसादला विचारलं, तुला कसं रे कळलं? तो म्हणाला, "मुझे क्या पता, मैडम. मुझे तो लंगड़ी ने बताया."

मुलगी झाली. तीन महिन्यांची असताना तिला घेऊन डेअरीत गेले. लंगडीनं तिला हुंगलं आणि घशातल्या घशात हुंकारली. गाय हा आवाज फक्त नुकत्याच जन्मलेल्या आपल्या वासराला काढते, दुसऱ्या कुणासाठी नाही. लंगडी तर दीड-दोन वर्षांत व्यायलेली नव्हती. आणि कुणाच्याही कडेवर रडणारी माझी पोरगी मान वळवून, डोळे विस्फारून ऐकत होती.

हरप्रसादला याचं काही आश्चर्य वाटलं नाही. "इनकी तो पुरानी पहचान है," म्हणाला आणि चारा टाकायला गेला.

*

ठोसर सर रिटायर होऊन नेहरू नगरात राहायला गेले. वर्षभरात त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं जरा सावरला, बोलणंही नीट होतं, पण डावा हात मात्र गेला तो गेलाच. डॉक्टरांनी सुया टोचून बघितल्या, सरांना पत्ता नाही. हात गळ्यात झोळी बांधून त्यात ठेवलेला असायचा. ठोसर काकू रोज त्याला तेल लावायच्या. म्हणायच्या, "गार असतो गं. बर्फासारखा."

तोच हात! त्या हातानं सरांनी हजारो जनावरं तपासली होती. मी दर रविवारी जायचे. सर जनावरांबद्दल काही विचारायचे नाहीत, म्हणून मीही बोलायचे नाही.

त्यांच्या घरामागे दोन गल्ल्या सोडून गोपीनाथ राहायचा. कारखान्यातून रिटायर झालेला फिटर. त्याची एकच गाय, चंदा. बायकोनं हौसेनं आणलेली. बायको वारली तेव्हा चंदा गाभण होती, आणि आता दिवस उलटून गेले होते. कास भरत नव्हती, काही लक्षण नव्हतं. त्यानं मला बोलावलं.

मी हात घातला. बोटांच्या टोकाला काहीतरी कठीण लागत होतं, पण खोल, खाली उतरलेलं. माझा हात तसा आखूड. खुणेची रक्तवाहिनी शोधली. गाभण गाईत, पिल्लू जिवंत असेल तर ती नुसती उडत नाही, भिरभिरते. बोटाखाली भुंगा धरल्यासारखी. मला ती काही लागली नाही. तीन दिवस, तीनदा तपासलं. वाळलेलं पिल्लू असणार. इंजेक्शन द्यायला हवं होतं, नाहीतर गाय जाईल. पण पिल्लू जिवंत असेल, तर तेच इंजेक्शन त्याला मारेल. गोपीनाथ म्हणाला, "मैडम, आप जो बोलो. बस, एक बार पक्का बोल दो."

आणि पक्कं तेवढं मला बोलता येत नव्हतं!

सरांकडे गेले. पहिल्यांदाच विषय काढला. ते ऐकून घेत राहिले. मग काठी घेऊन उठले. "चला."

काकू म्हणाल्या, "अहो, कुठे?"

"पेशंट बघायला."

गोठ्यात गोपीनाथनं चंदाला धरलं. सरांनी झोळीतून हात काढला, म्हणजे उजव्या हातानं उचलून बाहेर घेतला, आणि माझ्यापुढे धरला. "साबण लावा."

"सर, या हातानं कसं..."

"उजव्याला काही कळत नाही हो. त्याला कधी शिकवलंच नाही मी."

मी त्या थंडगार हाताला खांद्यापर्यंत साबण लावला. पाचही बोटं जुळवून आत सरकवली. कोपर धरून ढकलत राहिले. सरांचा सगळा भार माझ्या खांद्यावर. त्यांनी डोळे मिटले होते. मी म्हटलं, "सर, आता जरा डावीकडे—"

"शूऽऽ."

मी ढकलायचं थांबवलं. आणि हात पुढे गेला.

मी कोपर नुसतं धरलं होतं, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगेन. हात चार बोटं पुढे गेला, मग डावीकडे वळला, थांबला. चंदानं मान वर केली. गोपीनाथ माझ्याकडे बघत होता, मी सरांकडे. किती वेळ गेला ठाऊक नाही.

"भिरभिरतेय," सर म्हणाले. अगदी हळू, कुणी झोपलेलं असावं तसं. "जिवंत आहे. इंजेक्शन पिशवीत ठेवा, डॉक्टर."

मी सरांचा हात बाहेर काढला. तो ओल्या फडक्यासारखा लोंबत खाली पडला. मला राहवेना. धुताना मी त्यांच्या तर्जनीला चिमटा काढला, चांगला नख रुतेल असा.

"सर, लागतंय?"

"काय?"

"मी चिमटा काढतेय."

सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे. म्हणाले, "कुठे?"

मी इंजेक्शन दिलं नाही. रात्र रात्र झोप लागायची नाही मला. गाय मेली असती तर गोपीनाथला मी काय सांगणार होते? एका मेलेल्या हाताचं ऐकलं म्हणून?

एकोणिसाव्या दिवशी गोपीनाथचा निरोप आला. मी धावतच गेले. चंदा उभी होती आणि तिच्या पायांत तांबूस रंगाची कालवड, ओली, अडखळत, सड शोधणारी. सकाळी उजाडता उजाडता झाली म्हणाला. तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता.

तशीच सरांच्या घरी गेले. कधी एकदा सांगते असं झालं होतं. दार काकूंनी उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "बरं झालं बाई आलीस. ह्यांचा हात जरा बघतेस का? तू ह्यांना बाहेर नेलंस ना, त्या दिवसापासून गरम लागत होता गं. अगदी चांगला, तुझ्या-माझ्या हातासारखा. मला वाटलं, सुधारतोय. कुणाला बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून."

त्यांनी आत वळून बघितलं. सर खिडकीपाशी बसले होते, डोळे मिटून, तोंडावर हसू.

"आज उजाडता उजाडता पुन्हा गार पडला."